‘आज सकाळी पकडलेली’ स्कँपी

ऑकलंडमधल्या आपल्या मंडळींनी जरा जपून राहा. व्हॉट्सअॅपवर एक जण ‘आज सकाळी मित्राच्या बोटीवर पकडलेली ताजी स्कँपी, घरपोच’ म्हणून विकतोय (स्कँपी म्हणजे लांब नांग्यांचा, लहान लॉब्स्टरसारखा समुद्री जीव). बोलायला लाघवी. “ताई, बर्फातली मासळी तुम्हा लोकांना चालत नाही, मला माहितेय,” म्हणाला आणि दोन किलोचे पैसे आगाऊ घेतले. नणंदेकडची माणसं जेवायला यायची होती.

वरून सगळं झकास. गुलाबी-केशरी अंग, लांब सडपातळ नांग्या. डोकं मोडलं तर सांध्यापाशी काळंकुट्ट, आणि सोलायला गेले तर मांस पिठल्यासारखं बोटांना चिकटलं. अमोनियाचा भपकारा आला तो वेगळाच. फोन केला, तर “तुम्हीच फ्रीजबाहेर ठेवली असेल,” आणि नंतर मला ब्लॉक केलं.

मुळात न्यूझीलंडची स्कँपी साधारण 200 ते 500 मीटर खोल चिखलात बिळं करून राहते. तिच्यासाठी ट्रॉलर, म्हणजे तळाशी जाळं ओढणाऱ्या मोठ्या बोटी, पूर्वेच्या खोल समुद्रातल्या चॅथम राइज या उंचवट्याकडे किंवा पार दक्षिणेला ऑकलंड बेटांकडे जातात (या बेटांचा आपल्या शहराशी नावापुरताच संबंध). मित्राची बोट तिथे सकाळी जाऊन येते म्हणे! शिवाय हौशी मच्छीमारांना आपली मासळी विकायला इथे कायद्यानेच बंदी आहे. स्कँपी मेल्यावर फार लवकर बिघडते, म्हणून बोटीवरच प्रतवारी लावून खोक्यांत गोठवतात. सुटी, ओली, ‘ताजी’ म्हणून मिळते ती बहुतेक वेळा वितळवलेली, आणि खपली नाही की पुन्हा गोठवलेली. आपण बर्फाच्या मासळीला नाक मुरडतो, हे त्याने बरोब्बर हेरलंय.

घ्यायचीच तर बंद खोकं घ्या. समुद्रावरच गोठवल्याचा उल्लेख, तारीख आणि कंपनीचं नाव बघा. रात्री फ्रीजमध्ये ठेवून सावकाश वितळवा, उभी चिरा, मधला काळा दोरा काढा. लोणी-लसूण लावून कवचाची बाजू खाली ठेवून ग्रिल करा; मांस पांढरं झालं की लगेच उतरवा. मालवणी वाटणात घालू नका, तिची गोडी पार बुडते. डोकी मात्र टाकू नका, सार फक्कड होतं.

पैसे गेले ते गेलेच. त्याने आता नंबर बदललाय, पण जाहिरातीतला फोटो तोच आहे: निळी थाळी आणि कडेला तीन लिंबाच्या फोडी.