चिचारोन: नुसत्या कातडीचं की चरबीसकट?

डुकराच्या कातडीचं चिचारोन, म्हणजे तळून कुरकुरीत केलेली कातडी, घरी करायचंय पण नुसती कातडी घेऊ की चरबीसकट, असं विचारलंत म्हणून लिहितोय. दोन्ही अस्सलच आहेत, फिलिपिन्समधल्या चिचारोनमध्येही आणि उत्तर थायलंडच्या खेप मू या तशाच पदार्थातही दोन्ही प्रकार मिळतात.

मेहनत नुसत्या कातडीला जास्त. आधी उकडायची, आतली चरबी खरवडायची, मग खडखडीत वाळवायची आणि साधारण २०० अंशाच्या तेलात सोडायची, की आत उरलेल्या थोड्याशा पाण्याची वाफ होते आणि कातडी पापडासारखी फुलते. वाळवण्यात घाई केलीत तर चिवट होणार, त्यामुळे तिथे वेळ द्याच. चरबीवाल्यात खरवडणं वाचतं, पण मंद आचेवर चरबी सुटेपर्यंत लक्ष ठेवावं लागतं, आच वाढवायची ती शेवटी. सुटलेली चरबी फेकू नका, तळायला वापरा.

टिकायला नुसती कातडी सरस, चरबीवालं लवकर खवट होतं.

चवीला मात्र मला चरबीवालंच आवडतं, कुरकुरीतपणाच्या खाली मऊ थर लागतो ना ते फार भारी, आणि सोबत लसूण-मिरची घातलेलं व्हिनेगर हवंच, फिलिपिन्समध्ये असंच खातात. उत्तर थायलंडमधल्या च्यांग माईकडची भाजलेल्या हिरव्या मिरचीची नाम प्रिक नुम ही चटणी करणार असाल तर नुसती कातडी घ्या, हलकी असते आणि चटणी छान उचलते.

डब्यात भरून ठेवायचं असेल तरी नुसती कातडीच. त्याच दिवशी चारचौघांत संपणार असेल तर बिनधास्त चरबीसकट करा.