लो दिव्हेर: वीतभर दरवळणारा हिवाळा

थंडीत आपल्याकडे हिनाचं अत्तर लावतात. कानामागे बोट फिरवलं की खोलीभर कळतं. फ्रेदेरिक माल या परफ्यूम ब्रँडच्या ‘लो दिव्हेर’कडून, म्हणजे ‘हिवाळ्याच्या पाण्या’कडून, तशी अपेक्षा ठेवलीत तर पैसे पाण्यात. फ्रेंच परफ्यूमकार झाँ-क्लोद एलेना यांनी २००३ साली केलेला हा परफ्यूम वीतभर अंतरापलीकडे जात नाही, कारण तो मुळात तसाच बांधलाय.

सुरुवातीची बर्गमॉटची लिंबूसाल दहा-पंधरा मिनिटांत उडते. मग येतं हेलिओट्रोपिन नावाचं सुगंधी रसायन, हा खरा गाभा. भिजवून सोललेल्या बदामाला व्हॅनिलाचं बोट लागावं, तसा वास. त्याला आयरिस या फुलझाडाच्या कंदाचा कोरडा, पावडरी स्वभाव आणि पातळ मध. तळाशी पांढरी मस्क, म्हणजे कस्तुरीच्या वळणाचा स्वच्छ, मऊ वास. गेरलाँ या फ्रेंच कंपनीच्या १९०६ सालच्या ‘आप्रे लाँदे’ या परफ्यूमशी नातं स्पष्ट दिसतं, पण तो पाऊस पडून गेल्यावरचा गारवा, इथे कोमट दुधावरची वाफ आहे.

दुकानातल्या कागदी पट्टीवर हा फिका वाटणारच, कागदाला अंगाची ऊब नसते. मनगटावर घ्या आणि अर्ध्या तासाने हुंगा. लावताना आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर, मग १०-१५ सेंटीमीटरवरून छातीवर दोन फवारे, कोपराच्या आतल्या बाजूला एक. अल्कोहोल उडायला दोन मिनिटं द्या, मगच स्वेटर चढवा.

तासाभरात ‘वास गेला’ वाटतं, तिथेच गफलत होते. बऱ्याचदा नाक सरावलेलं असतं. काहींना ठरावीक मस्क मुळातच जाणवत नाहीत. म्हणून आठ-दहा फवारे मारले की शेजारच्याचं डोकं दुखतं आणि आपल्याला पत्ताच नसतो. दुसऱ्याला विचारा, नाहीतर सकाळी शालीची कड हुंगून बघा.

नाशिक-पुण्याची डिसेंबरची सकाळ किंवा एसी ऑफिस, याची जागा तिथे. मुंबईच्या मे महिन्यात मध चिकट वाटायला लागतो. लग्नाच्या हॉलमध्ये तर मोगऱ्याच्या गजऱ्यापुढे याचं काही चालत नाही.

एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली जातं. म्हणजे १० मिलीची कुपी रोज तीन फवाऱ्यांनी महिनाभर पुरते, आणि आपली थंडी तरी केवढी असते? मोठी बाटली घेतलीच तर खोक्यातच ठेवा, उजेड आणि बाथरूमची वाफ दोन्ही वाईट. आणि पैठणीवर अजिबात नको, जरीचे काठ काळे पडतात.