बटणं पुसली आणि बिल लावलं क्लॉक स्प्रिंगचं

स्टिअरिंगवरचं आवाज वाढवायचं बटण दाबलं की माझ्या गाडीत गाणं बदलायचं. आधी महिनाभर ते बटण जोर लावून दाबावं लागत होतं, मग हा प्रकार सुरू झाला, आणि शेवटी डाव्या बाजूची चारही बटणं ठप्प. गाडी 2011 ची. जुनी असली तरी इंजिनाची कधी कुरकुर नाही, म्हणून ‘बटणंच तर आहेत’ म्हणत मी दुर्लक्ष केलं. पण चालवताना दर वेळी स्टिरिओकडे हात न्यायचा कंटाळा आला, आणि एका शनिवारी गाडी गॅरेजमध्ये नेली. पुढे जे झालं ते सविस्तर लिहितेय, कारण फसवणूक त्या तपशिलातच होती.

मेकॅनिक बोलायला गोड. लक्षणं नीट ऐकून घेतली, दोन प्रश्न विचारले, मला बसायला खुर्ची दिली. अर्ध्या तासाने हाक आली, “मॅडम, जरा इकडे येऊन बघा.”

स्टिअरिंगचा मधला भाग उघडलेला होता. डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा पेटलेला. त्याच्या हातातल्या स्कॅनरवर ड्रायव्हरच्या एअरबॅगच्या सर्किटमध्ये बिघाड असल्याचा कोड. “क्लॉक स्प्रिंग गेलीय. बटणांचं सोडा, यावर एअरबॅग चालते. वेळेला उघडणार नाही, किंवा उभ्या गाडीत फुटेल. मुलांना घेऊन फिरता ना?”

मुलांचं नाव निघालं आणि माझी अक्कल तिथेच थांबली. त्याने खोक्यातून एक काळा, गोल, पसरट पार्ट काढून दाखवला. मी मान डोलावली. संध्याकाळी गाडी मिळाली. बटणं मस्त चालत होती, लाल दिवा गेलेला. बिलावर क्लॉक स्प्रिंग, ती बसवण्याची मजुरी आणि ‘एअरबॅग रीसेट’ अशा तीन ओळी. मी आभार मानून पैसे दिले.

बटणं अकरा दिवस चालली.

बाराव्या दिवशी पुन्हा आवाजाच्या जागी गाणं. मी परत गेले. या वेळी दोष स्टिरिओचा निघाला. “जुना झालाय, सिग्नल वाचत नाही.” नवा स्टिरिओ बसला, तर बटणं अजिबातच चालेनात. त्यावर म्हणे गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, गेलंय. तो शब्द ऐकल्यावर मात्र मला शंका आली. त्यांच्या बोलण्यात खोट दिसली म्हणून नाही हं, पैसे संपत आले होते म्हणून. घरी येऊन मावसभावाला फोन केला. तो गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. बटणासारख्या किरकोळ गोष्टीसाठी त्याला कशाला त्रास द्यायचा, असं मला आधी वाटलं होतं!

त्याने फोनवरच तीन गोष्टी विचारल्या. गॅरेजला नेण्याआधी हॉर्न वाजत होता का? वाजत होता. एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर काही सेकंद लागून विझत होता का? विझत होता. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे किंवा उजवीकडे वळवलं की बटणांच्या वागण्यात फरक पडायचा का? काहीच नाही.

“मग ताई, तुझी क्लॉक स्प्रिंग गेली असण्याची शक्यता फार कमी होती.”

हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर! क्लॉक स्प्रिंग म्हणजे स्टिअरिंगच्या मागे बसलेली प्लास्टिकची गोल डबी. आत चपट्या वायरची पट्टी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. स्टिअरिंग फिरतं, खालचा खांब फिरत नाही. या दोघांमधला विजेचा संबंध ती पट्टी सांभाळते. एअरबॅग, बटणं आणि बऱ्याच गाड्यांत हॉर्नसुद्धा तिच्यातूनच जातो. ती तुटायला लागली की सहसा एअरबॅगचा दिवा कायमचा लागतो, हॉर्न अधूनमधून गप्प होतो, बटणं एका कोनात चालतात आणि दुसऱ्या कोनात नाही. यातलं एकही लक्षण माझ्या गाडीत नव्हतं. पट्टीतल्या अनेक तारांपैकी फक्त बटणांची तार तुटणं अशक्य नाही, पण तिथूनच सुरुवात कोणी करत नाही.

आणि तो पेटलेला लाल दिवा? एअरबॅगचा कनेक्टर काढून ठेवायचा आणि चावी फिरवायची. गाडी चांगली असली तरी दिवा लागतो, कोडही येतो. मी गाडी आत नेली तेव्हा दिवा बंद होता, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. पण उघडलेल्या स्टिअरिंगसमोर उभी असताना ते आठवलंच नाही.

रविवारी भाऊ आला. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि सरळ गप्पा मारत बसला. एअरबॅगच्या युनिटमध्ये बॅटरी काढल्यावरही थोडा वेळ वीज साठून राहते, म्हणून लगेच हात घालायचा नाही. एअरबॅगच्या कनेक्टरला मल्टिमीटर (वीज मोजायचा मीटर) लावायचा नाही, हे त्याने मला दोनदा बजावलं. मीटरचा बारीकसा प्रवाहही तिथे नको. (घरी स्वतः उघडून बघायचा विचार असेल तर एवढं वाचून तो सोडून द्या.)

एअरबॅग उतरवून बाजूला ठेवली, वरचा भाग छताकडे. मग स्टिअरिंगही उतरवलं आणि तो हसायलाच लागला. “ये, बघ.”

क्लॉक स्प्रिंगवर धुळीचा करडा थर तसाच होता. तिच्या स्क्रूंच्या खाचांतही धूळ, एकही ताजा ओरखडा नाही. प्लास्टिकवर नखाएवढं एक वर्तुळ उठवलेलं होतं. कडेने 1 ते 12 आकडे, मध्ये एक बाण, बाणाच्या दोन बाजूंना एकेक 1. हा साच्याचा शिक्का. बाण दाखवतो तो महिना, मधले दोन आकडे म्हणजे वर्ष. बाण 3 वर होता. म्हणजे पार्ट मार्च 2011 चा, आणि गाडीच्या कागदांवर उत्पादनाचा महिना मे 2011. माझी ‘नवीन’ क्लॉक स्प्रिंग गाडीसोबतच जन्मलेली होती.

याउलट बटणांच्या पॅनेलचे स्क्रू ताजे खरवडलेले. पॅनेल उघडलं तर आतल्या सर्किटच्या पट्टीवर कापसाचा एक पांढरा धागा चिकटलेला. कोणीतरी कापूस फिरवला होता.

मला सगळ्यात जास्त राग याचाच आला. त्या माणसाला दोष बरोबर सापडला होता. दुरुस्तीही त्याने योग्य जागीच केली, फक्त घाईघाईत. फुंकर मारून, कापूस फिरवून अकरा दिवसांचं काम केलं आणि बिल दुसऱ्याच पार्टचं लावलं. अडाणी मेकॅनिक असता तर मी एवढी चिडले नसते.

दोष काय होता तेही सांगते, कारण जुन्या गाड्यांत तो अगदी नेहमीचा आहे. अशा पॅनेलमधली बरीचशी बटणं एकाच तारेवर असतात. प्रत्येक बटणाचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वेगळा, आणि स्टिरिओ तो मोजून कुठलं बटण दाबलं ते ओळखतो. बटणाखाली रबराची छोटी गोळी असते, तिच्या तळाला काळा कार्बनचा थर; दाबलं की तो सर्किटला टेकतो. हाताचा घाम, क्रीम, धूळ फटीतून आत जाते आणि टेकणं कच्चं होतं. कच्चं टेकणं म्हणजे वाढीव रेझिस्टन्स. मग आवाजाचं बटण स्टिरिओला त्याच्या वरच्या पायरीचं, म्हणजे गाणं बदलायचं बटण वाटतं. मळाने रेझिस्टन्स वाढतो, कमी होत नाही. म्हणून आवाजाचं बटण गाणं बदलायचं, पण गाण्याच्या बटणाने कधी आवाज वाढला नाही. महिनाभर रोज माझ्या बोटाखाली खूण होती. क्लॉक स्प्रिंगची तुटलेली पट्टी सहसा बटणाला मुकं करते, त्याच्याकडून दुसऱ्याचं काम करवून घेत नाही.

भावाने मीटर लावून एकेक बटण दाबलं. आवाजाचं बटण दर दाबाला वेगळा आकडा दाखवत होतं, शेजारचं मात्र स्थिर. आयसोप्रोपिल अल्कोहोलने सर्किट आणि गोळ्या पुसल्या, पूर्ण वाळू दिल्या. एका गोळीचा काळा थर उडालेला होता, तिथे वीजवाहक कार्बनचा लेप लावला. पुन्हा मीटर. आता प्रत्येक बटणाचा आकडा ठाम. सगळं जागच्या जागी बसवून बॅटरी जोडली आणि नव्या स्टिरिओच्या सेटिंगमध्ये जाऊन एकेक बटण ‘शिकवलं’. बाहेरच्या स्टिरिओला कुठलं बटण कशाचं हे एकदा सांगावं लागतं. गॅरेजने ते केलंच नव्हतं. म्हणून बटणं चालत नव्हती आणि म्हणून कॉम्प्युटर ‘गेला’ होता. माझ्या गाडीत ही बटणं त्या मॉड्यूलकडे जातच नाहीत, तार सरळ स्टिरिओला येते.

क्लॉक स्प्रिंग खरंच बदलायची वेळ आली तर भावाने काय बघायला सांगितलं तेही लिहून ठेवते. नवा पार्ट मध्यावर लॉक करून येतो, त्यावर छोटी पिन किंवा टेप असते. चाकं सरळ ठेवून बसवल्यावरच ते लॉक काढतात. ती पिन मागून घ्या, जुना पार्टही मागा आणि दोन्ही पार्टवरच्या त्या गोल शिक्क्यांचे फोटो काढा. मध्य चुकवून बसवली तर स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवताना पट्टी ताणून तुटते. त्या मेकॅनिकने तिला हात लावला नाही हेही एका अर्थी बरंच झालं, असं भाऊ म्हणाला तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. आणि गाडी आत देण्यापूर्वी चावी फिरवून डॅशबोर्डचा एक व्हिडिओ काढा, दिवे लागून विझेपर्यंतचा. आता मी ऑइल बदलायला गेले तरी काढते.

फोटो घेऊन गॅरेजला गेले. मेकॅनिक शिक्का बघून म्हणाला, “कंपनीचा जुना स्टॉक असेल.” मी धुळीचा फोटो पुढे केला. तो काही बोलला नाही. मालक उठला आणि क्लॉक स्प्रिंगचे पैसे परत केले. मजुरीचे नाही. ‘एअरबॅग रीसेट’चेही नाही, “काम तर झालंय ना” म्हणून. स्वतःच पाडलेला कोड स्वतःच पुसण्याचं ते काम!

माझा जुना स्टिरिओ मागितला, तर तो भंगारात गेला म्हणाले. त्याला काहीही झालेलं नव्हतं.