एक प्रोजेक्टर, एक माउस आणि अख्खा वर्ग: खेळातून शिकवणाऱ्या साइट्सचा वापरानंतरचा अनुभव

आधी आमच्याकडे काय आहे ते सांगते, म्हणजे पुढचं तुमच्या उपयोगाचं आहे की नाही ते ठरवता येईल. बडोद्याच्या जुन्या शहरातली गुजराती माध्यमाची शाळा. तिसरी-चौथीचे वर्ग, वर्गात चाळिसेक मुलं. दोन वर्गांत मिळून एक प्रोजेक्टर, एक म्हातारा लॅपटॉप आणि ऑफिसातून येणारं वायफाय, जे दाराजवळच्या बाकापर्यंत नीट येतं आणि मग थकतं. मुलांच्या हातात टॅब वगैरे काही नाही. जूनमध्ये सत्र सुरू झाल्यापासून आठवड्यातले दोन-तीन तास मी असे घेते. दिवाळीच्या सुट्टीनंतरही ते चालू राहिलेत, म्हणजे नव्याचे नऊ दिवस सरले असं मानायला हरकत नाही.

‘मुलांसाठी पन्नास मजेदार साइट्स’ अशा याद्या ढिगाने मिळतात. त्यातल्या बऱ्याचशा घरी एकट्याने खेळणाऱ्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. वर्गात प्रकरण वेगळं होतं. उत्तर बरोबर आलं की टाळ्या वाजतात, नाणी पडतात, चांदण्या उडतात, अशा साइट्स माझ्याकडे सगळ्यात लवकर निकामी झाल्या. एक मूल माउसपाशी, बाकीचे सगळे ‘आ नहीं, पेलुं, पेलुं!’ (हे नाही, ते, ते!) करून ओरडतात आणि माउसवाला चारही पर्याय पटापट दाबून नाणी घेऊन मोकळा. गणित कुठेच झालं नाही. टिकल्या त्या साइट्स, ज्या चूक-बरोबर काही न सांगता नुसतं काय होतं ते दाखवतात.

त्यात पहिला नंबर फेट (PhET) या पडद्यावर करायच्या प्रयोगांच्या संग्रहाचा. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाचा हा प्रकल्प, कार्ल वीमन या भौतिकशास्त्रज्ञाने 2002 मध्ये सुरू केलेला. त्याला आदल्याच वर्षी नोबेल मिळालं होतं. बरेच प्रयोग मोठ्या वर्गांसाठी आहेत, पण प्राथमिकला पुरतील एवढे निघतात, आणि त्यातले कित्येक गुजराती-मराठीतही आहेत. ‘बॅलन्सिंग अ‍ॅक्ट’ नावाचा एक आहे. पडद्यावर सी-सॉसारखी फळी, तिच्याखाली दोन टेकू. आग विझवायचे दोन लाल सिलिंडर आणि एक कचऱ्याचा डबा बाजूला ठेवलेला. या वस्तू फळीवर हव्या तिथे ठेवायच्या आणि मग टेकू काढायचे. एवढंच. वजनाचे आकडे दिसायची सोय आहे, ती मी बंद ठेवते.

वर्गात एकच नियम केला: टेकू काढायच्या आधी सगळ्यांनी दोन्ही हात पसरून आपली फळी करायची. ज्या बाजूला पडेल असं वाटतं तो हात खाली, सरळ राहील असं वाटत असेल तर दोन्ही सरळ. म्हणजे माझ्यासमोर चाळीस अंदाज एकदम दिसतात आणि मागच्या बाकावर कोण नुसतं शेजाऱ्याकडे बघून हात वाकवतंय तेही दिसतं. एकसारख्या दोन सिलिंडरपर्यंत सगळे शूर असतात. एका बाजूला डबा आणि दुसऱ्या बाजूला सिलिंडर, दोन्ही मध्यापासून तेवढ्याच अंतरावर ठेवले की फळी डब्याकडे कलते. आता सरळ कशी करायची? पहिली सूचना नेहमी एकच, दुसरा सिलिंडरही चढवा. तो मिळणार नाही म्हटलं की वर्ग गप्प. मग एक मुलगी, जी एरवी हजेरीलासुद्धा जेमतेम बोलते, उभी राहून म्हणाली, ‘बेन (म्हणजे बाई), डब्बो थोडो अंदर लो.’ एक घर आत घेतला. अजून कललेलीच. ‘हजी अंदर!’ आता सगळाच वर्ग. डबा अर्ध्या अंतरावर आला आणि फळी थांबली. साइटने एक टाळीसुद्धा वाजवली नाही, पण वर्गातला आवाज ऐकून शेजारच्या वर्गाच्या बेन दारात येऊन उभ्या राहिल्या. मग शहरातल्या कमाटी बागेतल्या सी-सॉवर बाबा मध्याजवळ सरकून का बसतात, हे मला सांगावं लागलं नाही.

अपूर्णांकांसाठी याच संग्रहातलं एक पान वापरलं. वर्तुळाचे किती भाग करायचे ते बाण दाबून ठरवायचं. तीन, चार, पाच, सहा... भाग बारीक होताना दिसतात. ‘चार मोठे, म्हणून एकचतुर्थांश मोठा’ हा तिसरीचा पक्का समज त्याने मोडला, यात शंका नाही. पण वह्या तपासताना वेगळंच दिसलं. एकतृतीयांश काढताना मुलांनी वर्तुळाला दोन उभ्या रेघा मारल्या होत्या, मधला भाग लठ्ठ आणि कडेचे दोन किरटे. पडद्यावर भाग नेहमी सारखेच पडतात, ते काम संगणक करतो. सारखे भाग करणं हीच अपूर्णांकातली अर्धी मेहनत आहे आणि ती मुलांच्या वाट्याला आलीच नव्हती. तेव्हापासून क्रम उलटा केलाय. आधी कागदाच्या पट्ट्या दुमडायच्या, तीन सारखे भाग करताना वैताग यायला हवा, आणि नंतर पडदा. तीन भागांची घडी चौथीच्या मुलांनाही सहज येत नाही, घरी स्वतः करून बघा.

घड्याळ आणि संख्यारेषा यांना मॅथ लर्निंग सेंटरची फुकट पानं चांगली आहेत. साधी, स्वच्छ, जाहिराती नाहीत. जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

भूगोलासाठी, आणि खरं तर इतिहासासाठी, गूगल अर्थ. पहिले दोन तास सगळे आपापलं छप्पर शोधतात. शोधू द्या, त्याशिवाय पुढे कुणी ऐकत नाही. मग आम्ही विश्वामित्री धरली. पावागढपासून निघून शहरात कशी वळणं घेत येते आणि कमाटी बागेतून कशी जाते, हे वरून बघताना मुलं आपणहून ऑगस्ट 2024 च्या पुरावर आली. कुणाच्या सोसायटीत पाणी होतं, कुणाच्या गल्लीत मगर दिसली, याच्या गोष्टी सुरू झाल्या. त्या वर्षी रस्त्यांवर मगरी आल्या होत्याच, त्यामुळे खरं किती आणि वाढवलेलं किती याच्या भानगडीत मी पडले नाही. नदीकाठी घरं किती जवळ आलीत हे मात्र बोट ठेवून दाखवता आलं.

त्याहून मजा आली ती बडोदा राज्याच्या खुणा लावताना. बडोदा, नवसारी, मेहसाणा, अमरेली, ओखा. खुणा लावून झाल्यावर एकाने विचारलं, ‘बेन, वच्चे (म्हणजे मधे) कोणाचं राज्य?’ हे राज्य सलग नव्हतं, तुकड्या-तुकड्यांत पसरलेलं होतं, हे पुस्तकातल्या नकाशात दरवर्षी दाखवते आणि दरवर्षी कुणाच्या डोक्यात शिरत नाही. सयाजीरावांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग 1893 मध्ये आधी अमरेलीकडे केला आणि 1906 मध्ये सगळ्या राज्याला लागू केला, हे सांगितल्यावर अंतर मोजायची मागणी आली. मोजपट्टीने सरळ रेषा ओढली, दोनशे किलोमीटरच्या वर भरलं आणि रेषा खंभातच्या आखातावरून गेली. ‘म्हणजे समुद्रापलीकडच्यांना आधी शाळेत पाठवलं?’ यावर वर्गात जो हशा झाला त्याला उत्तर नव्हतं. पण अमरेली आता विसरत नाहीत.

नवरात्राच्या आधी क्रोम म्युझिक लॅब ही संगीताची साइट काढली. त्यात ‘साँग मेकर’ म्हणून चौकटींचं जाळं असतं, चौकट रंगवली की सूर वाजतो. खालच्या ओळींत ताल. एका आवर्तनात किती मात्रा ते बदलता येतं, म्हणून सहा करून हींच हा गरब्याचा ठेका बसवायचा प्रयत्न केला. बडोद्यातल्या मुलांना गरब्याचा ठेका शिकवायला जाऊ नये. वडिलांबरोबर ढोल वाजवायला जाणारा एक मुलगा उठला, एक ठिपका खोडला, दुसरा एक घर पुढे नेला आणि खाली बसला. आता बरोबर वाजत होतं. भागाकारात मागे असलेला हा मुलगा, सहाचे तीन-तीन भाग कसे पडतात ते पडद्यावर बोट ठेवून सांगत होता. लॉगिन लागत नाही, केलेलं गाणं एका लिंकमध्ये साठवता येतं.

वाचनासाठी ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेचं स्टोरीवीव्हर. 2015 पासून आहे, मुक्त परवान्यातली पुस्तकं, सोप्यापासून अवघडपर्यंत चार पातळ्या. पुस्तक उतरवून ठेवता येतं, छापताही येतं. आमच्या वर्गातली काही मुलं घरी मराठी बोलतात आणि लिहितात फक्त गुजरातीत. एकच गोष्ट आधी गुजरातीत आणि मग मराठीत लावली की ही मुलं एकदम पुढच्या बाकावर येतात, कारण आता वाचून दाखवणारे तेच. एक सावधगिरी: भाषांतर कुणीही टाकू शकतं, त्यामुळे दर्जा कमी-जास्त आहे. वर्गात लावण्याआधी एकदा पूर्ण वाचून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. खान अकॅडमीही गुजराती-मराठीत आहे, पण ती ज्याने त्याने आपल्या गतीने करायची गोष्ट. घरी फोन मिळतो त्या मुलांच्या आईवडिलांना सुचवते, वर्गात नाही.

चाचणीसाठी प्लिकर्स. प्रत्येक मुलाला चौकोनी नक्षीचं एक छापील कार्ड, ते कोणत्या बाजूने धरलं त्यावरून अ, ब, क, ड. बाई फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि उत्तरं गोळा होतात. प्रत्येकाची नक्षी वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून तसंच कार्ड धरलं तर भलतंच उत्तर जातं. हे मुलांच्या लक्षात यायला दोन चाचण्या लागतात. कार्डांना चकचकीत लॅमिनेशन करू नका, ट्यूबलाइटचा उजेड पडून कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही. जाड कागदावर साधी झेरॉक्स पुरे. आणि नक्षीवर अंगठा ठेवायचा नाही हे रोज सांगावं लागतं. मी त्यात नावांऐवजी हजेरीचे नंबरच टाकलेत. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती घ्यायचं आहे, ते कागद जमवत बसण्यापेक्षा मुलांची नावं आणि ईमेल मागणाऱ्या साइटकडे जायचंच नाही हे सोपं.

आता कटकटी. एका गणिताच्या खेळांच्या साइटवर ऐन गुणाकारात अर्धा पडदाभर कसल्याशा गोळ्यांची जाहिरात आली आणि उरलेला तास वर्गाने त्याच गोळ्यांवर चर्चा केली. नाव देत नाही, अशा पुष्कळ आहेत. शाळेच्या संगणकावर कुणीतरी पूर्वी जमवलेली साइट्सची यादी होती, त्यातल्या कित्येक उघडतच नाहीत. फ्लॅशवर चालणारे खेळ होते ते, आणि फ्लॅश 31 डिसेंबर 2020 ला बंद झालं. जुन्या याद्या हाती आल्या तर फार जीव लावू नका. दुपारच्या तासाला आमच्या पश्चिमेच्या खिडकीतून असं ऊन येतं की पडद्यावर काही दिसत नाही, म्हणून हे तास सकाळीच. आणि तास पस्तीस मिनिटांचा, त्यात लॅपटॉप जागा व्हायला पाच. तो आता प्रार्थनेच्या आधीच चालू करून ठेवायचं काम एका जबाबदार मुलीकडे दिलंय.

गुण वाढले का, असं मुख्याध्यापक विचारतात. घटक चाचणीत फार फरक दाखवता येणार नाही. हात वर करणारे वाढलेत, ते गुणपत्रकात जात नाही.

एक काम मात्र सुट्टीतच उरकून ठेवा. फेटचे प्रयोग एकेक फाइल म्हणून उतरवता येतात आणि नेटशिवाय ब्राउझरमध्ये चालतात. पेन ड्राइव्हवर इयत्तेप्रमाणे फोल्डर करा, स्टोरीवीव्हरची पुस्तकं शेजारी ठेवा आणि फाइलींची नावं धड्याच्या नावाने बदला. मूळ इंग्रजी नावं राहिली तर वर्ग समोर बसलेला असताना कोणती फाइल कुठली ते आठवत नाही. पेन ड्राइव्हला सुतळी बांधून ती चावीच्या जुडग्याला अडकवा, नाहीतर स्टाफरूममध्ये ‘जरा दोन मिनिटं द्या’ म्हणून गेलेला तो थेट वार्षिक परीक्षेलाच परत येतो.