क्विझ कशात बनवावी: एचफाइव्हपी, मूडल की स्टोरीलाइन?

ऑनलाइन कोर्स बनवणारे शिक्षक मला आधी विचारतात, ‘कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?’ मी विचारते, मुलाचं उत्तर चुकलं तर पुढे काय व्हायला हवं? निवड त्यावरच ठरते. एचफाइव्हपी हे ब्राउझरमध्ये चालणारे प्रश्न आणि सराव बनवायचं साधन, मूडल ही ऑनलाइन कोर्स चालवायची प्रणाली आणि स्टोरीलाइन हे स्लाइडवर आधारित कोर्स बनवायचं सॉफ्टवेअर.

०.५ × ०.५ घ्या. २.५ निवडणाऱ्याचा दशांशचिन्हाचा गोंधळ आहे, १ निवडणाऱ्यानं बेरीज केली आहे. दोघांना ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ एवढंच सांगितलं तर प्रश्न वाया गेला. प्रत्येक पर्यायासाठी वेगळा अभिप्राय लिहायची सोय तिन्हींत आहे, आणि ती आळसापोटी रिकामी सोडली जाते याचं मला फार वाईट वाटतं.

सरावासाठी मी एचफाइव्हपी घेईन. ते मुक्त स्रोत आहे, मूडलमध्ये ३.९ आवृत्तीपासून सहज वापरता येतं आणि मूडल नसेल तर ‘लुमी’ हे मोफत ॲप आहे. व्हिडिओ मध्येच थांबवून प्रश्न विचारता येतो. मात्र उत्तरं विद्यार्थ्याच्या ब्राउझरमध्येच तपासली जातात, त्यामुळे थोडं तंत्र जाणणारा मुलगा ती शोधून काढू शकतो. गुणांची परीक्षा यावर नको.

परीक्षेला मूडलची क्विझ. तपासणी सर्व्हरवर होते, प्रश्नपेढीतून प्रत्येकाला वेगळे प्रश्न देता येतात, वेळही बांधता येते. दिसायला रुक्ष आहे, पण परीक्षेत ते चालतं.

स्टोरीलाइनची ताकद प्रसंग उभा करण्यात आहे. चित्रातली कुठलीही वस्तू उत्तर ठरवता येते, चुकीच्या उत्तरावरून वेगळ्या स्लाइडवर नेता येतं. पण वार्षिक वर्गणी भरावी लागते, विंडोज लागतं आणि एक वेलांटी सुधारायची तरी पुन्हा पब्लिश करून एलएमएसवर (मूडलसारख्या कोर्स चालवणाऱ्या प्रणालीवर) चढवावं लागतं. कंपनीच्या प्रशिक्षण विभागाला जरूर सुचवेन, शाळेतल्या एकट्या शिक्षकाला नाही.

मराठीत खरी कसोटी ‘रिकाम्या जागा भरा’ची. ‘दऱ्या’तला अर्धा र वेगवेगळे कीबोर्ड दोन वेगळ्या कोडनी लिहितात, पडद्यावर अक्षर तेच दिसतं, सॉफ्टवेअरला मात्र दोन वेगळे शब्द दिसतात. देवनागरी पाच आणि इंग्रजी पाच यांचंही तेच. बरोबर लिहिणाऱ्या मुलाला शून्य मिळतं आणि का ते त्याला कळत नाही. एचफाइव्हपीत तिरकी रेघ देऊन अनेक उत्तरं मान्य करता येतात, शिवाय किरकोळ चुका माफ करण्याची सोय आहे (शुद्धलेखनाच्या चाचणीत ती बंदच ठेवा). मूडलमध्ये प्रत्येक रूप वेगळं उत्तर म्हणून नोंदवायचं. पण विज्ञान किंवा भूगोल असेल तर मी टायपिंगच टाळते आणि शब्द ओढून जागेवर ठेवायला लावते.

टायपिंग ठेवणारच असाल तर क्विझ खुली करण्याआधी स्वतः मोबाइलवर सोडवा, दोन वेगळे कीबोर्ड वापरून.