दहा महिने वापरून: बूट चांगले, लेसचं टोक अजिबात नाही

बुटांचं सोल, ग्रिप, वजन यावर सगळ्यांनी लिहिलंय. मला फक्त लेसबद्दल बोलायचंय.

जूनमध्ये राजगडावरून गुंजवण्याकडे उतरायचं होतं. उतारावर बोटं पुढे आपटू नयेत म्हणून लेस आवळायला घेतली, तर उजवीकडचं प्लास्टिकचं टोकच हातात आलं आणि लेस वरच्या दोन भोकांतून निसटली. टोक गेलं की गोल पॉलिस्टर लेसचे धागे केरसुणीसारखे पसरतात. थुंकी लावून, पीळ देऊन, सुईत दोरा ओवावा तशी पंधरा मिनिटं भर पावसात ओवत बसले. साडेचार हजारांच्या बुटाला एवढंसं टोक धड बसवता येऊ नये? दुकानात गेले तर म्हणे, लेस वॉरंटीत येत नाही, नवी दीडशेला घ्या. नाही घेतली.

गल्लीतल्या दुकानात 'लेस द्या' म्हटलं, तर काकांनी साडीला लावायच्या लेसचे गठ्ठे काढले. इंग्रजीत दोन्हींना शब्द एकच. मूळ लॅटिन 'लाक्वेउस', म्हणजे फास. आधी बांधायची दोरी, मग सोळाव्या शतकात जाळीदार नक्षीलाही तेच नाव. पण माझं काम झालं ते काकांच्या हाताकडे बघून. एका बाईंसाठी मीटरभर नायलॉन लेस कापली आणि कापलेली कड लगेच लायटरवर धरली. कड वितळून बसली, धागा सुटायची सोय नाही. घरी येऊन बुटाच्या लेसला तेच केलं, वर इलेक्ट्रिकच्या दुकानातली दहा रुपयांची हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळून बसणारी) चढवली. सुती लेसला हे करू नका, ती वितळत नाही, जळते.

पहिल्या महिन्यात मी 'लेस सारखी सुटते' असं लिहिलं होतं. ते मागे घेते. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवलं, की पाऊल आपटताना गुरुत्वाकर्षणाच्या सातपट झटका बसून गाठ सैलावते आणि हेलकावणारी टोकं तिला ओढून सोडवतात. गाठ चुकीची असेल तर हे फार लवकर होतं. माझी चुकीचीच होती. सुरगाठीचे दोन्ही वेढे मी एकाच दिशेने घ्यायचे. गाठीच्या फुलाच्या दोन पाकळ्या बुटाला आडव्या पडल्या तर गाठ बरोबर. घोट्यापासून बोटांकडे उभ्या राहिल्या तर दुसरा वेढा उलट घ्या. तेव्हापासून एकदाही सुटली नाही.

टोकाची तक्रार मात्र कायम आहे. ऑगस्टमध्ये डावीकडचंही निघालं. आता चारही टोकांना काळी नळी आहे.