वापरलेलं सॉल्व्हंट (द्रावक): प्लांटमध्येच शुद्ध करायचं की जाळायला पाठवायचं?

पर्यावरणाच्या हिशेबात डिस्टिलेशन करून (म्हणजे उकळून, वाफ थंड करून) पुन्हा वापरणं बहुतेक वेळा जिंकतं. कचरा कमी, नवी खरेदी कमी. शिवाय नव्या मालाचे टँकर कमी आले की ते रिकामे करताना होणाऱ्या गळतीची शक्यताही घटते. हा फायदा सहसा कोणी मोजत नाही.

पण टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) या सॉल्व्हंटचं उदाहरण घ्या. नव्या ड्रममध्ये बहुधा पेरॉक्साइड (हवेमुळे बनणारी स्फोटक संयुगं) रोखणारं बीएचटी हे रसायन घातलेलं असतं. टीएचएफ 66 अंश सेल्सिअसला उकळून वर जातं, बीएचटी तळाशी राहतं. म्हणजे परत मिळालेला माल शुद्ध, पण कवचाविना! हवा लागली की पेरॉक्साइड तयार होतात, पुढच्या डिस्टिलेशनमध्ये तळाच्या गाळात साठतात आणि भांडं कोरडं होईपर्यंत तापवलं तर स्फोट होऊ शकतो. त्यामुळे प्रत्येक बॅचआधी पेरॉक्साइड चाचणी, हवा दूर ठेवणारं नायट्रोजनचं आवरण, तळाशी ठरावीक माल शिल्लक ठेवणं आणि बीएचटी नव्याने घालणं, यातलं काहीच ऐच्छिक नाही.

जाळायला पाठवलं की ही डोकेदुखी सुटते. कार्बन मात्र हवेत जातो आणि साठवणीत चुकीचे कचरे एकत्र झाले तर तिथेही रिॲक्शन होतेच. धोका आपल्या गेटबाहेर गेला, एवढंच.

माझं मत: टोल्युइनसारखं सॉल्व्हंट रोज भरपूर लागत असेल, तर हॅझॉप (प्रक्रियेतले धोके पद्धतशीर तपासणं) करून खुशाल परत मिळवा. टीएचएफ मात्र प्रयोगशाळा बॅचगणिक चाचणी देणार असेल तरच. थोडकंच असेल तर बाहेर पाठवा.